सिट्टीवाले भाऊजी

आमच्या भाऊजीच्या गळ्यात माळ नव्हती, सिट्टी होती. पितळेची. आंघोळीलेही काढत नव्हते, म्हणून त्याइची बायको कुरकुर करे. मैदानात गाय शिरली का सिट्टी. रस्त्यात कोणी थुंकला का सिट्टी. घरात भाजी खारट झाली तरी सिट्टी, अन् मंग बोट दाखवून फाउल. फक्त मैतीच्या टाईमले ते सिट्टी बनियनच्या आत टाकत. बालाघाटात त्याइचं खरं नाव किती लोकाइले मालूम होतं, देव जाणे.

ते जंगल खात्यात बाबू होते. माह्या नवऱ्याचे सख्खे भाऊ नाही, शेजारचे. माहा नवरा लवकर गेला. मी दुसरी शिकलेली, मले कोण नोकरी देते? हॉकीच्या मैदानाच्या फाटकाजवळ चहाची टपरी टाकली, तिचे बांबू भाऊजीनंच आणून गाडले. पहिला चहा त्याइनंच पिला अन् म्हणले, "वहिनी, साखर कमी आहे. पण खेळ चालू ठेवा."

ते स्वतः कधी खेळले नाही. एक पाय लहानपणीच बारीक राह्यलता. पण क्लबात कोण कोणत्या साली कोणत्या जागी खेळला, कोणाची ष्टिक कुठं मोडली, सगळं तोंडपाठ. पाऊस सरला, मैदानातलं गवत कापलं, का माह्या टपरीसमोरच्या ओट्यावर पुकार होये. म्हणजे आपल्या क्लबात आजवर जे जे खेळले त्याइच्यातून दोन टीमा कराच्या. एक भाऊजीची, एक पोस्टमास्तरची. एक नाव यानं घ्याचं, एक त्यानं. दर खेळाडूचा एक दगड होता. खदानीतला मँगनीजचा काळा, वजनदार दगड, वरतं चुन्याची खूण. नाव पुकारलं का तो दगड ओट्यावर आपल्या जागी मांडाचा. मंग दोघं सांजवरी भांडत, का सामना झाला असता तं कोण जिंकलं असतं. आता पोट्टे मोबाइलवर टीम लावतात, त्यात पैसे जातात. याइच्यात निसता घसा जाये, अन् माहा चहा खपे.

एक कायदा होता. खेळाडू मेला का त्याचा दगड मैदानाच्या भिंतीवर ठेवाचा. ते वरची टीम. वरचा दगड पुकारता येत नाही. भाऊजी म्हणत, त्याइचे सामने आता तिकडं आहेत, आपण काहून बोलवाचं?

माहा मुन्ना गोलकीपर होता. एकुलता. भाऊजीची पहिली पुकार दरसाल त्याचीच. पोस्टमास्तर हासे. तो मुन्नाच्याच वयाचा, मुन्नासंग खेळलेला, मंग पोस्टात लागला म्हणून पोस्टमास्तर. तो म्हणे, काका, गोलकीपरले पहिले कोण घेते? फॉरवर्ड घ्या, नाही तं गोल कोण मारन? भाऊजी त्याले म्हणत का तू चिठ्ठ्या वाट. मुन्ना लाजून टपरीच्या मांगं जाये.

मुन्नाले काम भेटलं नाही. खेळाच्या भरतीले तीनदा गेला, तीनदा वापस आला. मंग बोलणंच कमी केलं त्यानं. एका सकाळी म्हणे, माय, नागपूरले जातो, तिथून पाहतो. गोंदियाच्या बसमधी बसला. राजेगावले बस थांबली, सवारी चहाले उतरली, त्यात तोही उतरला. बस सुटली तवा तो चढला नाही. कंडक्टर म्हणे, म्या हाका मारल्या. त्याची थैली गोंदियाले पोचली, आत पॅड तसेच बांधलेले. तो नाही पोचला.

राजेगावले नदी आहे. लोकाइनं पहिले नदीकडंच पाह्यलं अन् मंग माह्याकडं.

मी अन् भाऊजी नदीच्या काठाकाठानं फिरलो. पोलिसवाले दोन दिवसानं थांबले, आम्ही नाही थांबलो. भाऊजी त्या बारक्या पायानं रेतीतून चालत, दर वळणावर उभे राहत अन् सिट्टी वाजवत. मुन्ना लहान होता तवापासून त्या सिट्टीवर धावत येये, म्हणून. वाजवाची, कान देऊन उभं राहाचं, मंग पुढं. एका ठिकाणी ढोरं चारणारा बाप्या आला अन् हिंदीत विचारू लागला, किसकी गाय गुमी है? भाऊजी म्हणले, "गाय नहीं भैया. हमारा गोलकीपर है." तो माणूस आमच्यासंग सांजवरी चालला. काही भेटलं नाही. चप्पल नाही, कपडा नाही. भेटलं असतं तं मी रडली असती. नाही भेटलं तं काय कराचं, हे मले कोणी शिकवलंच नव्हतं.

त्या सालची पुकार आली. दगडाइच्या टोपलीत मुन्नाचाही दगड होता. औषधाच्या दुकानवाला खालच्या आवाजात म्हणला, का याले आता भिंतीवर... भाऊजीनं एवढ्या जोरात सिट्टी फुकली का मैदानातले कावळे उडाले. "कोणी पाह्यलं का? नाही पाह्यलं तं फाउल." अन् पहिली पुकार मुन्नाची. तवापासून दरसाल तसंच. माह्यासाठी सालात तेवढा एकच दिवस होता. बाकी दिवस लोक माह्यासमोर मुन्नाचं नाव घेत नव्हते. त्या दिवशी चार माणसाइसमोर त्याचं नाव पुकारलं जाये, अन् पुकारलं म्हणजे आहे.

मंग भाऊजीले दमा धरला. जिना चढता येईना, चार शब्द बोलले का थांबा लागे. तरी पुकारीले आले, सायकलरिक्षात बसून. मी टपरीतून पाहून राह्यली होती. पहिली पुकार त्याइची. त्याइनं मुन्नाले नाही घेतलं, कोण्या तरी हाफबॅकचं नाव घेतलं. दुसऱ्या पाळीलेही नाही. माह्या शेगडीवरचं दूध उतू गेलं. पोस्टमास्तरनं भाऊजीकडं पाह्यलं, भाऊजीनं डोळ्यानं दगडाकडं खूण केली. पोस्टमास्तरचा चेहरा पडला. तो उठला, मुन्नाचा दगड दोन्ही हातानं उचलला, अन् जाऊन भिंतीवर ठेवला.

भाऊजीनं सिट्टी तोंडात घेतली. ती वाजली नाही. निसती हवा फुसफुसली.

मी गेली अन् दगड भिंतीवरून काढला, पदरात घेतला. भाऊजीले म्हणलं, तुमच्याइतके दिवस त्याले कोणी धरून ठेवलं नाही, अन् आता तुमीच सोडला?  सगळे गेल्यावर त्याइनं ओट्यावर बसून एक एक शब्द काढला.

"वहिनी, मी सोडला नाही. त्याले देत होतो. पोस्टमास्तरले. मी जाऊन राह्यलो. मी गेल्यावर त्याले पुकारन कोण? तो जवान आहे. तो पुकारत राहीन. गधा समजलाच नाही."

मंग बराच वेळ दम घेतला अन् म्हणले, "वरतं गेलो का पहिले तिथं पाहीन. पण नसला तं तुमाले सांगाले कसा येऊ?"

 मी चहा दिला. त्याइनं अर्धा पिला.

थंडी संपाच्या आत भाऊजी गेले. त्याइच्या बायकोनं सिट्टी संगच जाऊ दिली.

औंदा गवत कापलं, ओटा झाडला. भाऊजीच्या जागी कोण बसन यावर सगळे एकमेकाकडं पाहून राह्यले. मी हात पुसले अन् जाऊन बसली. मले हाफ-फुलबॅक काही समजत नाही, पण नावं ऐकून ऐकून पाठ आहेत. पहिली पुकार माही होती. मुन्नाचा दगड मी घरून आणलता, टोपलीत सगळ्याइच्या वरतं ठेवलता. घेतला असता तं कोणी नाही म्हणलं नसतं.

मी म्हणलं, पहिले तू पुकार.

पोस्टमास्तर माह्याकडं पाहतच राह्यला. म्हणला, "काकू, खरंच?"

"हौ. अन् माह्या मांगंही तूच पुकारजो."

त्यानं मुन्नाचं नाव मोठ्यानं घेतलं, फाटकापर्यंत ऐकू जाईन एवढ्यानं. दगड शर्टाले पुसला अन् आपल्या गोलात ठेवला. मंग माही पाळी आली. मी कोणाचं तरी नाव घेतलं. कोणाचं, ते आता ध्यानात नाही.