अक्का भिंत वाजवत होत्या

मंडळी, जळगावला हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

आम्ही ख्रिस्ती. दुपारी कामं आटोपली की मी डोळे मिटून बसते आणि श्वासाबरोबर मनात फक्त येशूचं नाव घेते. बाहेरचा आवाज आला तर त्याच्यामागे जायचं नाही, परत नावाकडे वळायचं, असं आमच्या पाळकांनी शिकवलंय.

आज भिंतीतून टकटक येत होती. कोणी खिळा ठोकत असेल म्हणून मी सोडून दिली. परत आली, परत सोडली. उठले तेव्हा खूश होते, आज मन अजिबात भरकटलं नाही म्हणून!

टकटक चालूच होती, म्हणून सहज शेजारी डोकावले. तिथे मूळच्या असोदा गावच्या अक्का एकट्या राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. त्या मोरीत घसरून पडल्या होत्या आणि हातातल्या मगाने भिंत वाजवत होत्या.

"अक्का, मोठ्यानं हाक का नाही मारली?" मी ओरडलेच.

"तू देवाजवळ बसेल व्हती ना बाई. तुले कशाले उठवू? म्हटलं, हळूच वाजवते. तुही प्रार्थना झाली म्हंजे येशीन."

मी लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली.

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन आहे. पुन्हा चालतील, असं डॉक्टर म्हणतात.

प्रार्थनेला, ध्यानाला बसणाऱ्यांनो, खरं सांगा. कोणता आवाज सोडून द्यायचा आणि कोणत्यासाठी लगेच उठायचं, हे तुम्हाला कसं कळतं?