रथाच्या दिवशीच्या तारा

ती घटना मी विसरलेलो नाही आणि विसरावी असं वाटतही नाही. नोकरीची शेवटची वर्षं मी कुंभकोणमला इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं तंजावरच्या मराठी राज्यात इकडे आलं, ते इथलंच झालं. घरात जुन्या वळणाची मराठी, ठाण्यात तमिळ, असा माझा जन्म गेला.

शहरात तेव्हा नवं नियंत्रण केंद्र सुरू झालं होतं. रस्त्यांवरचे दिवे, पाण्याच्या टाक्या, कचऱ्याच्या गाड्या, चौकाचौकांतले कॅमेरे, सगळा कारभार एका थंडगार खोलीतल्या भिंतभर पडद्यावर दिसायचा. एका ठेकेदाराची बाहेरगावची माणसं तो चालवायची. माझे शिपाई त्या पडद्यावर असे भाळले की गस्तीचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठ्या. यंत्र चांगलंच होतं, ते मी आजही म्हणेन. पण पडदा बघायलासुद्धा पोलीसच लागतो.

देवळाच्या रथोत्सवाच्या दिवशी दुपारी तक्रार आली. ज्या रस्त्यावरून रथ जातो त्याच रस्त्यावरच्या एका मराठी घरातून पंचधातूची वीतभर राममूर्ती गेली होती. मालकीणबाई सत्तरीच्या, सगळी आळी त्यांना अक्का म्हणायची. रथ ओढायला घरची सगळी मंडळी गेली होती. दाराचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे चोराकडे किल्ली होती.

पंचनामा चालू असतानाच ठाण्यात निनावी फोन आला. जवळच्या नाचियार्कोविल गावचा समया घडवणारा साडेदहाच्या सुमाराला त्या घरातून पोतं घेऊन निघाला, कॅमेरा बघा, एवढं बोलून माणसाने फोन ठेवला. केंद्रात गेलो तर पडद्यावर खरंच तो दिसला, खांद्यावर पोतं, खाली उत्सवाची तारीख आणि वेळ. पितळेत हात बसलेला माणूस, किल्लीचा ठसा घेणं त्याला अवघड नव्हतं. हेड कॉन्स्टेबलच्या लेखी गुन्हा उलगडलाच होता. भर दिवसा, साऱ्या आळीदेखत, त्याला जीपमध्ये घातलं.

मी त्याला तासभर उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला. आदल्या दिवशी आलो, तुटक्या समया दुरुस्तीला पोत्यातून नेल्या, उत्सवाच्या दिवशी मी रथाच्या दोराला होतो. अक्का आदल्या दिवसाचं खरं म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला असेल तर त्या काय सांगणार? दोराला हजारो हात, त्यात याला कोण ओळखणार? शेवटी तो म्हणाला, "अय्या, तुम्ही मला सोडाल किंवा कोंडाल. पण उद्या कुठल्या देवघरात मला आत घेतील?"

खोटं बोलणारा माणूस शिक्षेची चौकशी करतो. हा देवघराची करत होता. शिवाय तो फोन मला खटकत होता. साडेदहाला रथ पलीकडच्या रस्त्यावर, अख्खं गाव त्याच्यापाशी; मग या ओस रस्त्यावर याला पाहिलं कुणी?

मी पुन्हा केंद्रात गेलो. कामावर होता तो तरुण ऑपरेटर अक्कांच्याच माडीवर भाड्याने राहायचा, घराची एक किल्ली त्याच्याकडेही असायची. चोरीच्या वेळी मी इथेच होतो, असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं आणि या खेपेला माणसाकडे न बघता वरती बघितलं. रस्त्यावर आडव्या विजेच्या तारा होत्या, या घरातून त्या घरात गेलेल्या.

"या तारा दिसतात ना?" मी विचारलं.

"स्वच्छ दिसतात सर. आपले कॅमेरे उत्तम आहेत."

"मग रथ कुठून गेला?"

आमच्याकडे रथ माडीच्याही वर उंच. म्हणून उत्सवाच्या दिवशी सकाळीच वीज बंद करून रस्त्यातल्या सगळ्या आडव्या तारा उतरवतात आणि रथ देवळापाशी आपल्या जागी परतला की पुन्हा चढवतात. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. या बाहेरगावच्या बिचाऱ्याने रथ पाहिला तो पडद्यावर. कॅमेरे बॅटरीवर चालू राहणार आणि आपण दिसणार हे त्याने ओळखलं. तारांचं काही त्याच्या गावी नव्हतं. कामावरून तासभर सटकून त्याने मूर्ती काढली, परत येऊन आपलं चित्र पुसलं आणि आदल्या दिवशीचं त्या जागी बसवून त्यावर नवी तारीख घातली. त्या चित्रात समयावाला आयताच सापडला, म्हणून फोनही त्यानेच केला.

मग फार विचारावं लागलं नाही. जुन्या मूर्तीला गिऱ्हाईक मिळेल या लोभाने केलं, म्हणाला. मूर्ती केंद्राच्याच बॅटरीच्या खोलीत, कपाटामागे निघाली. अख्ख्या गावावर नजर ठेवणाऱ्या त्या इमारतीत आतल्या बाजूला एकही कॅमेरा नव्हता.

समयावाल्याला सोडताना तो जागचा हलेना. दिवसा नेलंत, दिवसाच पोचवा, म्हणाला. त्याचं म्हणणं रास्त होतं. त्याच जीपमधून, पुढच्या सीटवर बसवून, मी त्याला अक्कांच्या दारात उतरवलं. शेजारपाजार ओट्यावर आलाच होता. अक्कांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या.

"बाहेर का उभा रे? तुझा बाप देवापुढे बसून समया घाशीत होता. आत ये, मोठी समई ने."

तो आत गेला. मला भरून आलं, ते लपवायचं कारण नाही.

सेवेने मला शिकवलं ते एवढंच: पुरावा दाखवतो त्याहून थोडं वर, थोडं बाजूलाही बघावं. गुन्हेगार मिळाला, मूर्ती मिळाली, कोर्टात केस टिकली. माझ्या बाजूने मी काही उणं ठेवलं नाही.

पण त्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा अक्कांनी दिलेलं पोतं त्याने दारातच ठेवलं होतं. कमरेइतकी समई दोन्ही हातांत उघडी धरून तो भर रस्त्यातून बस स्टँडकडे चालत गेला. परवा बाजारात दिसला. अजूनही तो समया तशाच उघड्या नेतो.