गुचकी कोणाच्या नावाची

आमच्या लाईनीत एक गोष्ट सांगायला बसलं की तिच्या मागून चार येतात, कोंबडीच्या मागून पिलं यावीत तशा. एकीला हाकललं की दुसरी पायात येते. तान्ह्या लेकरांच्या गुचक्यांच्या गोष्टी तर इतक्या साठल्या आहेत की कोणाच्याही घरी पाळणा बांधला की बायका मलाच म्हणतात, "चौकीदारीनबाई, सांगा ना ते." सांगते. पण आधीच बोलून ठेवते, यात बढाई मारण्यासारखं काही नाही. ऐकता ऐकता पदर तोंडावर घ्यावा लागतो, आणि तो हसू लपवायला कमी, तोंड लपवायला जास्त.

लाईन म्हणजे चांद्याहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाकडाचा डेपो आहे, त्याच्या मागची घरांची रांग. एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या डोळ्यांत. माझा नवरा डेपोचा चौकीदार. आमच्या भिंतीला भिंत लावून कोंडाबाई. लाईनीतल्या सगळ्या लेकरांना तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेकणं तिच्याकडेच. आवाज असा की डेपोतले बैल कान उभे करत. तिचा बुढा दम्याचा, दिवसभर दाराआडच्या खाटेवर. एकच लेक, गनपत. त्याची बायको पारबता, माहेर मोहर्लीचं.

हा गनपत पावसाळा सरल्यावर ट्रकवर बसून सिरोंच्याला गेला, गोदावरीकाठी लाकडाच्या कामावर. मागे पारबताला मुलगी झाली. निरोप धाडला, आला नाही. बारसं झालं, आला नाही. तिकडून येणारे ड्रायव्हर डेपोत हळू आवाजात बोलत आणि पारबता पाण्याला आली की गप्प होत. त्यानं तिकडे दुसरं घर केलं आहे, हे साऱ्या लाईनीला ठाऊक होतं. पारबताच्या बापानं सांगून पाठवलं, जावई होळीपर्यंत आला नाही तर लेकीला आणि नातीला घेऊन जाईन. मग कोंडाबाईकडे काय उरणार? एक बुढा आणि एक रिकामा पाळणा. दुसऱ्यांच्या लेकरांवर गरजणारी ही बाई आपल्या लेकाचं नाव निघालं की खाली मान घालून सारवलेली चूल पुन्हा सारवायला घेई. एवढं ध्यानात असू द्या.

* * *

पहिला किस्सा नव्या कारकुनाच्या घरचा. त्यांची बायको पुण्याकडची. लेकरू महिन्याभराचं. आमच्याकडे गुचकी म्हणतात, ट्रकवाले हिचकी म्हणतात. एका सकाळी ही बाई घरातूनच ओरडली, "कोंडाबाई, लवकर या हो! उचकी!"

कोंडाबाईनं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. तिला वाटलं, दार उचकटलं! चोर शिरला म्हणून तिनं कोपऱ्यातला दांडका उचलला आणि अशी बोंब ठोकली की लाकूड कापायच्या आऱ्यावरचे दोन गडी आणि माझा नवरा तिच्यामागे धावले. सगळे धाडकन आत. आत कारकुनीणबाई पाटावर बसून लेकराला पाजत होत्या.

तिघे गडी एकदम भिंतीकडे तोंड करून उभे. माझ्या नवऱ्यानं तर डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांनी बाहेर पडताना त्यांचा माठ फोडला. एका गड्यानं भिंतीलाच विचारलं, "चोर कुठी हाये?"

कोंडाबाईनं दांडका खाली ठेवला. लेकराकडे बोट दाखवून म्हणाली, "हा काय. दूध चोरून पिते अन् मंग हिसके देते."

पुढे किती तरी दिवस माझा नवरा त्या घरावरून जाताना आभाळाकडे पाहत जाई. लोकांना वाटे, देवभक्त आहे.

* * *

गुचकीवर कोंडाबाईचं औषध म्हणजे दोरा. आईच्या लुगड्याचा दोरा काढायचा, जिभेनं ओला करायचा आणि लेकराच्या कपाळावर चिकटवायचा. त्यानं गुचकी थांबते असं ती म्हणते. मला विचाराल तर थांबायची ती थांबतेच, दोरा उगाच मान घेऊन जातो.

एकदा मोठ्या साहेबांची बायको डेपोत आली, कडेवर तान्हं. अंगात गुलाबी जार्जेटची साडी. आमच्या बायका ती साडी डोळ्यांनीच धुऊन वाळवून घडी घालत होत्या. लेकराला गुचकी लागली. कोंडाबाई पुढे झाली आणि विचारलंही नाही, साडीचा दोरा धरून ओढला. जार्जेटच ते. दोरा निघतच राहिला, आणि पदरावर वीतभर रेघ उसवली.

बाईसाहेबांचं तोंड पांढरंफटक. "अगं हे काय केलंस! ही माझ्या बहिणीची साडी आहे, नागपूरला परत द्यायचीय!"

कोंडाबाईनं दोरा बोटाला गुंडाळला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मंग आधी सांगाचं न बाई. मायच्याच लुगड्याचा दोरा पायजे. मावशीच्या लुगड्याचा गुन येत नाई."

कुठे पाहावं ते त्यांनाही कळेना आणि आम्हालाही.

* * *

दोऱ्यानं नाही भागलं तर नावं. गुचकी म्हणजे कोणीतरी आठवण काढतं. मोठ्या माणसाला लागली तर तो स्वतः नावं घेतो. लेकराला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या आईनं एकेक नाव घ्यायचं. ज्या नावावर थांबली, तो आठवण काढून राह्यला.

आरेवाल्याच्या बायकोनं आपल्या पोराच्या गुचकीला सारं गोत मोजलं. सासू समोर बसली होती, तिच्याकडे पाहून "आजी" म्हणून झालं, थांबेना. मामा, मावशी, चुलते, कोणावरच थांबेना. तेवढ्यात दारातली बकरी ओरडली, ही चिडून म्हणाली, "थांब वं चांदी!" आणि गुचकी बंद.

सासूनं त्या दिवशी भाकर खाल्ली नाही. "माह्या नातवाची याद बकरीले येते अन् मले येत नाई? लोक काय म्हनतीन?"

पारबताच्या मुलीलाही गुचक्या फार. पारबता नावं घ्यायची, आपला बाप, माय, भाऊ, वहिनी, आत्या. एकच नाव गाळायची. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासू-सासऱ्यांचंही नाही, त्यांना मामी-मामा म्हणायचं. मग बायका तिला छळत, "घे वं, उखान्यात घे. काऊन लाजते? बाप हाये तो लेकराचा." ती मान खाली घालून पाळणा हलवायची. आम्ही म्हणायचो, मोठी लाजाळू. मीही म्हणायचे.

* * *

मग बाजाराच्या दिवशी दवाखान्याची नर्सबाई लाईनीत यायला लागली. बाई चांगली, पण तोंडाला पडदा नाही. जे आम्ही आईजवळही बोललो नाही ते ती भर ओट्यावर बोलायची. लेकरू दूध पिताना हवा गिळतं, म्हणून गुचकी लागते, म्हणाली. भुकेनं टाहो फोडेपर्यंत वाट पाहू नका, आधीच पाजा. मध्ये थांबा. पाजून झालं की खांद्यावर उभं धरा, पाठीवर हलकी थाप द्या, ढेकर येऊ द्या. मध नको, पाणी नको, दचकवणं तर मुळीच नको. गुचकी लागली तरी घाबरू नका, लेकराला तिचा त्रास आपल्यापेक्षा कमी.

करून दाखवायला तिनं पारबताची मुलगी घेतली. ओटा बायकांनी भरलेला. खांद्यावर घेतलं, थाप दिली. काही नाही. पुन्हा थाप. सगळ्या श्वास धरून. आणि असा दणदणीत ढेकर आला की पाळण्यावर टांगलेली चिमणी हलली.

"शाब्बास!" नर्सबाई खूश. "असा यायला पाहिजे. ऐकलात? पोट अगदी मोकळं झालं!"

दाराआडून कोंडाबाईचा बुढा म्हणाला, "हो बाई. सकाळपासून अडकून होता."

कोंडाबाईनं पदर ओढला तो हनुवटीपर्यंत. नर्सबाई मात्र शहाणी, ती मुलीला थोपटतच राहिली. थोड्या वेळानं मुलीनंही दिला, लहानसा, बोटभर. पण तो ऐकायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

* * *

हसणं इथपर्यंत. पुढच्यात मला हसू येत नाही.

सिरोंच्याकडून येणारा एक ड्रायव्हर होता, थट्टेखोर. पारबता मुलीला घेऊन दारात उभी, मुलगी गुचक्या देत होती. यानं ट्रक मुद्दाम जवळ आणला आणि भोंगा वाजवला. मोठ्यांची गुचकी दचकून थांबते ना, तसं. लेकरू असं थरारलं की त्याचे हातपाय ताठ झाले आणि मग रडता रडता निळं पडायला आलं.

मी अंगण झाडत होते. फडा घेऊन तशीच ट्रकवर चढले आणि त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, भोंग्यावर, जिथे बसेल तिथे दिला. चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, पण तोंडातून जे निघालं ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं. डेपोतले लोक हसत होते. तो हात वर करून ओरडला, "मले काऊन मारता बाई? त्या गनपतले मारा! त्यानं तं तिकडे दुसरीच्या घरी..."

आणि मग त्याला पारबता दिसली.

फडा माझ्या हातात तसाच राहिला. इतके दिवस साऱ्या लाईनीनं जे जिभेखाली धरलं होतं, ते माझ्या फड्यानं बाहेर काढलं. पारबता वळली. मुलीला खांद्यावर घेऊन, पाठीवर थाप देत आत गेली, नर्सबाईनं सांगितलं होतं तशी.

* * *

होळी झाली आणि तिचा बाप बैलगाडी घेऊन आला. गाडी दारात लावली. कोंडाबाईनं पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. "लेक तयार हाये का?" एवढंच विचारलं.

पारबतानं गाठोडं बांधलं होतं. सकाळपासून घर सुतकासारखं, लेकराकडे कोणाचं ध्यान नव्हतं. ते रडून रडून लाल झालं तेव्हा तिनं घाईनं पाजलं, आणि लागली की गुचकी! सारं अंग उडत होतं.

"गाडीत थांबन," बाप म्हणाला. "चाल."

कोंडाबाई उंबऱ्यात आडवी झाली. "गुचकी घेऊन लेकरू माह्या घराबाहेर नाई जात. रीत हाये." अशी रीत मी जन्मात ऐकली नव्हती. पण आम्ही सगळ्या बायकांनी माना हलवल्या, हो, हाये.

दोरा झाला. थांबेना. उभं धरून झालं, थांबेना. मग पारबताच्या माहेरची नावं. बाप, माय, भाऊ, वहिनी, आत्या. थांबेना. एक नाव उरलं. आरेवाल्याची बायको सवयीनं बोलून गेली, "घे वं आता. किती लाजशीन?"

कोणी हसलं नाही.

पारबतानं मान वर केली. "लाज नाई वं बाई," ती म्हणाली. "भेव लागते. नाव घेतलं अन् नाई थांबली तं?"

इतके महिने आम्ही लाजाळू म्हणून हसलो ते हे होतं. जमीन फाटली असती तर मी पहिली आत गेले असते.

तिनं बापाकडे पाहिलं, दाराआडच्या खाटेकडे पाहिलं आणि उखाणा नाही, काही नाही, उघडं नाव घेतलं. "गनपत."

गुचकी आली. मग आणखी एक.

दाराआड बुढ्यानं भिंतीकडे कूस बदलली. बापानं गाठोडं उचललं. कोंडाबाईनं पारबताच्या हातून मुलगी घेतली, खांद्यावर उभी धरली आणि पाठीवर थाप देऊ लागली. तिचा आवाज, ज्यानं बैल कान उभे करत, तो कुठून तरी खोलातून आला.

"सगळ्यायचे नावं झाले?"

"हो."

"माहं नाई झालं."

"सासूचं नाव कसं घेऊ, मामी?"

"नवऱ्याचं घेतलं, सासूचं काय मोठं? घे."

"कोंडाबाई," पारबता म्हणाली, इतकं हळू की बैलांच्या घंटा जास्त ऐकू आल्या.

"जोऱ्यानं घे. तुह्या बापाले ऐकू जाऊ दे."

"कोंडाबाई!"

आणि एक ढेकर आला, घर भरून. लेकराचा की दाराआडचा, कोणी वळून पाहिलं नाही. गुचकी थांबली होती.

पारबताच्या बापानं हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. मग त्यानं गाठोडं ओट्यावर ठेवलं, बैल सोडले आणि पाणी मागितलं.