"वास येतो का, मॅडम?"

वीणा सिंगापूरला आली तेव्हा तिला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते गॅसच्या टाकीचं. एवढ्या झकपक शहरात गॅस पाइपनेच येत असणार असं तिने धरलं होतं. पण तिच्या नवऱ्याने, हरीशने, मरीन परेडला भाड्याने घेतलेला फ्लॅट जुन्या इमारतीतला होता, आणि तिथे ओट्याखाली पुण्यासारखीच टाकी. फरक एवढाच, की नंबर लावून वाट बघत बसावं लागत नव्हतं. दुकानात फोन केला की तासाभरात सेंग अंकल भरलेली टाकी घेऊन दारात हजर व्हायचे आणि रिकामी घेऊन जायचे.

अंकल साठी उलटलेले, काटकुळे, कमी बोलणारे. सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. चपला दाराबाहेर काढल्याशिवाय ते कधी आत यायचे नाहीत. टाकी जोडली की रेग्युलेटरवर साबणाचं पाणी शिंपडायचे, बुडबुडे येत नाहीत ना हे वाकून बघायचे, आणि मग दर वेळी विचारायचे, "वास येतो का, मॅडम?" वीणा नाही म्हणाली की लायटरने शेगडी पेटवून दाखवायचे आणि निघायचे. वीणा पुण्याला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत असे. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर घरी होती. प्रॅक्टिकलला मुलं इतकी नीट वागली असती तर, असं तिच्या मनात यायचं.

२०१४ च्या दिवाळीआधीच्या शनिवारी चकल्यांचा तिसरा घाणा तेलात असताना गॅस संपला. फोन केला. अंकल आले, पण घाईत होते. सणाच्या दिवसांत पार लिटिल इंडिया या भारतीय वस्तीपर्यंत ऑर्डरी होत्या. साबणाची बाटली खालीच गाडीत राहिली होती, ती आणायला ते गेले नाहीत. वीणा हॉलमध्ये लेकीची, गार्गीची, वेणी घालत होती. एकदम उग्र दर्प आला.

ती धावत आत गेली. अंकल टाकीपाशी उकिडवे बसले होते. रेग्युलेटरमधून बारीक फुसफुस ऐकू येत होती आणि त्यांचं तोंड त्यापासून हातभर अंतरावर होतं. चेहरा शांत.

"वास येतो का, मॅडम?" त्यांनी मान वर न करताच विचारलं, आणि लायटर उचलला.

वीणाने त्यांचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की लायटर फरशीवर पडला. तिने टाकीचा कॉक बंद केला, खिडकी उघडली, दिव्याच्या बटणाकडे जाणारा स्वतःचाच हात मागे घेतला, आणि गार्गीला ओढत बाहेर कॉरिडॉरमध्ये आणलं.

"ममा, व्हाय सो रफ, लाह?" गार्गी शाळेत उचललेल्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.  

अंकल मागोमाग बाहेर आले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"अंकल, एवढा वास सुटला होता. तुम्हाला कळलं नाही?"

त्यांनी नजर खालच्या पार्किंगकडे वळवली. मग त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "मला वास येत नाही. चार वर्षं झाली."

चार वर्षांपूर्वी जिन्यावर टाकीसकट ते घसरले होते आणि डोकं मागून आपटलं होतं. जखम भरली, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. दुकानात सांगितलं तर काम जाईल म्हणून सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती जेवण कसं झालंय विचारायची, हे छान म्हणायचे. कामावर फुसफुस ऐकायची, साबण लावायचा आणि घरच्या माणसाला विचारायचं, असं चाललं होतं. "आता कानही कमी झाले," ते म्हणाले.

 दर वेळच्या त्या प्रश्नाला वीणा काळजी समजत होती. ते खरोखरच विचारत होते. चार वर्षं, रोज वीस-पंचवीस घरांत, ते लोकांच्या नाकावर विसंबून लायटर पेटवत होते. तिला संताप आला, पण समोर उभ्या माणसाकडे बघून तो बाहेर पडेना.

"आजच सांगा दुकानात," ती म्हणाली. "नाहीतर मी फोन करेन."

त्यांनी मान डोलावली.

हरीश घरी आल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. "तू फोन का नाही केलास लगेच?" त्याने विचारलं.  "त्यांनी सांगावं असं वाटलं," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकल आले ते दुकानाच्या मालकीणबाईंना, मिसेस ओंगना घेऊन. बाईंच्या हातात साबणाची बाटली, नवी रेग्युलेटरं आणि या भागात आठवड्याभरात टाक्या दिलेल्या घरांची यादी; बाकीच्या भागांत दुकानातली दुसरी माणसं गेली होती. आधी वीणाचीच शेगडी तपासून झाली. टाकीच्या तोंडातलं रबर फाटलेलं निघालं.

"मीही येते," वीणा म्हणाली. तिला घरात बसवेना.

अकरा घरांत काही नव्हतं. बारावं घर वीणाच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका चिनी आजींचं. त्यांनी दार उघडताच वीणा थबकली. मंद, पण तोच दर्प. नळीला चीर होती. आजींना वयामुळे वास कळत नव्हता. चार दिवसांपूर्वी अंकलनी विचारलं, तेव्हा त्या नाही म्हणाल्या होत्या, आणि ते खरंही होतं. देवापुढे उदबत्त्या जळत होत्या.

मिसेस ओंगनी धावत जाऊन कॉक बंद केला. अंकल दारातच खाली बसले. दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं. आजी त्यांच्या खांद्यावर थोपटत विचारत राहिल्या, बरं वाटत नाही का, चहा करू का.

यादी संपेपर्यंत चार वाजले. जिना उतरताना वीणाने मिसेस ओंगना विचारलं, यांचं आता काय करणार. त्यांनी यादीची घडी घातली. मग म्हणाल्या, "टाकीला हात लावायचा नाही. बाकी बघते."

महिन्याभराने वीणाने टाकीसाठी फोन केला तेव्हा पलीकडे अंकलचा आवाज होता. कान कमी म्हणून पत्ता दोनदा विचारत होते. बायकोला सांगितलंत का, असं तिने विचारलं. "सांगितलं," ते म्हणाले. "दोन दिवस बोलली नाही. आता भाजीत काय घातलंय ते सांगत जेवायला वाढते."

पुढे वर्षभर वीणा शेगडी पेटवण्याआधी ओट्याशी वाकून हुंगायची. हरीशने पाइपच्या गॅसचा फ्लॅट बघू या म्हटलं, तेव्हा एरवी घर बदलायला नाखूश असणारी वीणा लगेच हो म्हणाली. सामान हलवलं त्या दिवशी ती सहाव्या मजल्यावर जाऊन आली. आजींच्या घरी विजेवरची शेगडी आली होती, आणि ती कशी लावायची हे त्यांना अजून नीट जमत नव्हतं. वीणाने ते तीनदा करून दाखवलं.