गुरलिंगअप्पांनी वळवलेल्या चपला

ज्या घराच्या दाराला बाहेरून कडी नाही, त्या घरात मनोरुग्णालयातून आलेली आठ माणसं राहतात असं सांगितलं, तर तुम्ही तिथे एक दिवस मुक्कामाला याल का?

मी त्या घरात दोन वर्षं नोकरी केली. आधीच सांगून टाकते — भूत, करणी, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आजोबांनी घरातले देव पोत्यात भरून मांजरा नदीत सोडले. वडील सायकलवरून पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी विचारायची — वेळ काय होती? कुणी पाहिलं? तुला आधी कुणी काही सांगितलं होतं का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक भुतं पळायची. हे मात्र पळालं नाही.

मंठाळ, तालुका बसवकल्याण. वडील जन्मले तेव्हा हे निजामाचं राज्य होतं, मी जन्मले तेव्हा म्हैसूर, आणि नोकरी लागली ती कर्नाटकात. तालुका मात्र तोच. घर गावाबाहेर, बसथांब्यापासून सात-आठ मिनिटांवर. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मधे अंगण, पुढे शहाबादी फरशीची ओसरी. एक डॉक्टरबाई आणि आम्ही तिघं कार्यकर्ते ते चालवायचो. बरी झालेली, पण घरचे न्यायला न आलेली माणसं तिथे राहायची. आमचं काम राखणीचं नव्हतं. गोळ्यांची आठवण करायची, बाजाराला सोबत जायचं, चुलीपुढं बसायचं... पण भाकरी ज्याची त्यानं थापायची.

गुरलिंगअप्पा निंबर्ग्याचे, पंचावन्न-साठीचे, एके काळी किराणा दुकान चालवलेले. भल्या पहाटे उठून ओसरी झाडायची आणि सगळ्यांच्या चपला ओळीत लावायच्या, तोंडं भिंतीकडं, हा त्यांचा नेम होता. क्वचित एखाद्या सकाळी एकच जोड उलटा असायचा. तोंड रस्त्याकडं.

"त्या दिवशी त्या माणसाला न्यायला कुणी तरी येतंय," स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या शेवंताबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं.

मी हसले. मग एक वही केली. पहिला जोड मारुतीचा — तो चोवीस-पंचवीसचा, मुका नव्हता पण मुक्यासारखा. दुपारी त्याचा मामा आला आणि त्याला दोन दिवस घरी घेऊन गेला. दुसरा एका म्हाताऱ्या बाईंचा. त्यांची मुलगी आली. तिसरा माझा! दहा वाजता घरून माणूस न्यायला आला, बहीण बाळंत झाली, ताबडतोब चल. मी सगळं तपासलं. टपाल पोस्टमन माझ्याच हातात द्यायचा. गावात टेलिफोन एकच, तोही अर्ध्या मैलावर. अप्पा तर फाटकाबाहेर जायचेच नाहीत.

चौथ्यांदा पुन्हा मारुतीच्या चपला वळल्या आणि कुणीच आलं नाही. मारुती दिवसभर कट्ट्यावर बसून राहिला. जेवायला उठला नाही. चहा पुढे ठेवला तर त्यात माश्या पडल्या.

वहीत मी 'चूक' लिहिलं तेव्हा मला आनंद झाला होता, मग मारुतीकडं पाहिलं आणि संताप आला. संतापाला आणखी एक कारण होतं. माझी आजी ज्या गल्लीतून चपला हातात घेऊन चालली, तसल्या गल्लीतला एक दुकानदार रोज माझ्या चपला उचलून ठेवत होता. पहिले काही दिवस मला त्याचं सुख वाटलं, खोटं कशाला बोलू? मग त्या सुखाचीच लाज वाटायला लागली. शुक्रवारच्या बैठकीत मी भाषण ठोकलं. माणसानं माणसाच्या पायताणाला हात लावणं ही गुलामी आहे, ती कुणीही कुणाचीही करायची नाही, इथून पुढं ज्याच्या चपला त्यानं लावायच्या!

माझ्या वहीमुळं अप्पा मला मास्तरीणबाई म्हणायचे. ते शांतपणे म्हणाले, "मास्तरीणबाई, मला कुणी कर म्हटलंय व्हय? मी तर चपलांची वळ लावायलोय नुसती."

"तरीही नाही, अप्पा."

"बरं. न्हाई तर न्हाई."

दोन महिने त्यांनी चपलांना हात लावला नाही. ओसरीवर नुसता पसारा. शेवंताबाई मला टोमणे मारायच्या, "समता आली बगा, कुणाचीच चप्पल कुणाला घावंना!"

दिवाळीनंतरचा एक गुरुवार. त्या दिवशी महिन्याच्या इंजेक्शनला चौघांना बसवकल्याणला न्यायचं होतं. त्यात काशीअक्का होत्या. गाव ठाणाकुशनूर, वय चाळीसच्या पुढं. भावानं दवाखान्यात सोडलं त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत भेट नाही, आमच्या पत्रांना उत्तर नाही. सहाच्या सुमारास मी ओसरीवर आले. पसारा तसाच, पण काशीअक्कांच्या निळ्या पट्ट्यांच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. तोंड रस्त्याकडं. आणि काशीअक्का लुगडं बदलून, वेणी घालून त्यांच्याशेजारी बसलेल्या.

"मी आज सुईला येत न्हाई, ताई. माझा अण्णा येणार हाय."

"अक्का, चिठ्ठी आली का?"

"चिठ्ठी कशाला? अप्पानं ठिवल्यात की."

मला मारुतीचा चहा आठवला. दिवसभर ही बाई इथे बसून राहणार, आणि संध्याकाळी तिला काय सांगायचं? इंजेक्शन पुढच्या आठवड्यावर ढकलता आलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मी वाकले, त्या चपला फिरवल्या, त्यांच्या पायांपुढं सरकवल्या आणि म्हणाले, "चपलांनी भाऊ येत नसतो. चला, गाडी चुकेल."

त्या रडल्या नाहीत. उठल्या आणि मागं बघत बघत चालल्या.

चारला परतलो तर शेवंताबाई फाटकातच उभ्या. "आला होता की वो तिचा भाऊ! साडेअकराला. दोनच्या गाडीपतूर बसला अन् गेला. माय लई बिमार हाय म्हणला."

काशीअक्का माझ्याकडं न बघता आत गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी त्यांना घेऊन निघाले. भालकीला गाडी बदलून ठाणाकुशनूरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच — पोचेपर्यंत म्हातारी असेल ना? होती. खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. काशीअक्का जवळ बसल्या, तशी म्हातारीनं चाचपत त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "येवढी म्हातारी कवा झालीस ग?" इतकंच म्हणाली. पुढं आठ दिवसांनी ती गेली. ते आठही दिवस लेक तिच्या उशाशी होती. पुढंही काशीअक्का तिथेच राहिल्या, आजही आहेत. इंजेक्शनला भाऊच घेऊन जातो.

निघताना मी त्या भावाची माफी मागितली. म्हटलं, येणार म्हणून कळवलं असतं तर मी अक्कांना नेलं नसतं.

"कसं कळवणार, बाई? मलाच कुठं ठाव होतं! मी उदगीरला निघालो होतो, मोटारीचं सामान आणायला. साडेसातला स्टँडवर आलाव तर भालकीची गाडी लागली अन् मी चढलाव. कामून चढलो, इचारू नका. माय रोज नाव घ्यायची, मी रोज नको म्हणायचो. तिकीट काढताना कळलं, मी काशीकडं निघालोय."

साडेसात! चपला मी सहाला पाहिल्या होत्या. येणाऱ्या माणसाला स्वतःला कळण्याच्या आधी दीड तास, सत्तर-ऐंशी किलोमीटरवरचा एक म्हातारा... माझे तिन्ही प्रश्न मी विचारून पाहिले. वेळ पक्की. पाहणारी मी स्वतः. आधी कुणी सांगणं शक्य नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. योगायोग म्हणून पाहिलं, तर मारुतीच्या वेळची चूक माझ्या बाजूनं साक्ष देते, एवढंच. त्यानं माझं समाधान होत नाही.

परतल्यावर मी अप्पांपुढं बसले. माझी बंदी मागं घेतली आणि विचारलं, "तुम्हाला कसं कळतं?"

"मला काय कळतंय वो! हातच तसं ठिवतंय."

"म्हणजे कुणाच्या वळवायच्या ते तुम्ही ठरवत नाही?"

ते हसले. "मी ठरवलं असतं तर सगळ्यात आधी माझ्याच वळवल्या असत्या की, मास्तरीणबाई."

त्यांचा मुलगा निंबर्ग्यात दुकान चालवतो. मी नोकरी सोडेपर्यंत तो एकदाही आला नाही.

ज्यांना याचा उलगडा करता येईल त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर जरूर लिहावं, मी वाट बघेन. पण त्याआधी एक काम करा. तुमचं कुणी अशा घरात, इस्पितळात, आश्रमात असेल तर आजच एक पोस्टकार्ड घ्या. 'येईन कधी तरी' असं लिहू नका. वार लिहा. आणि त्या वारी जा.