चॅपल लेनचा व्हॉल्व्ह

जमिनीखालचं पाणी गावांच्या शिवा मानत नाही. वॉल्टर बॅरक्लफ मात्र मानायचा. यॉर्कशरमधल्या आमच्या दोन गावांचं एक गाव होऊन कैक वर्षं झाली, तरी टेकडीवरच्यांना तो 'वरचे' म्हणायचा. बायको, नेली, वरचीच.

"त्यांचे व्हॉल्व्हसुद्धा उलटे," तो म्हणायचा. ते खरं होतं. खालच्या गावात उजवीकडे फिरवला की व्हॉल्व्ह बंद, वरच्या गावात डावीकडे. जुन्या दोन पाणीखात्यांच्या दोन रीती, लोखंडात तशाच राहिलेल्या.

त्या कोरड्या उन्हाळ्यात आम्ही पाणीखात्याच्या माणसांनी नळांच्या जाळ्याचे भाग पाडायला घेतले. प्रत्येक भागाला एकाच वाटेने पाणी, त्या वाटेवर मीटर, बाकी वाटा बंद. म्हणजे पाणी कुठे मुरतं ते कळेल. टेकडीच्या भागाच्या बाकी वाटांचे व्हॉल्व्ह वॉल्टरने बंद केले. तरी माथ्यावर त्याच्या सासूच्या नळाला करंगळीएवढीच धार. सगळ्या वाटा खरंच बंद आहेत का, याची चाचणी रविवारी होती; ती फसली, तर सोमवारपासून माथ्यावरच्यांनी रस्त्यावरच्या तात्पुरत्या नळावरून बादल्या वाहायच्या होत्या. म्हातारी ऐंशीची.

"जावईबापूंना सांग, बादली घेतली," तिने नेलीकडे निरोप धाडला. "लाल. त्यांच्या नाकासारखी."

रविवारी सकाळी मुख्य वाट बंद केली. आता टेकडीचा दाब शून्यावर यायला हवा होता. पायथ्याशी मी दाबमापक धरून बसलो होतो. काटा थोडा उतरला आणि अडून बसला. कुठून तरी पाणी आत येतच होतं.

"एखादा राहिला असेल," आमची इंजिनिअर जिलियन म्हणाली.

"माझ्या हातून?" वॉल्टर म्हणाला. "सगळे घट्ट आहेत."

नेली प्रार्थना आटोपून आमच्यासाठी थर्मास घेऊन आली. "चॅपल लेनचा कसा फिरवलास?"

"उजवीकडे. ती गल्ली आपली."

"आपली? माझं बारसं झालं त्या गल्लीत, वरच्यांची होती तेव्हा! हद्द नंतर सरकवलीत तुम्ही. व्हॉल्व्हला कुणी सांगितलं होतं?"

व्हॉल्व्ह घट्ट होता खरा, पण वरच्यांच्या रीतीचा, म्हणजे पूर्ण उघडा. टेकडीचं पाणी इतके दिवस त्याच वाटेने खाली, त्याच्याच गावात उतरत होतं; आज मुख्य वाट बंद, तर खालचं पाणी तिथूनच उलटं आत येत होतं.

लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून तो गल्लीत गेला. मी काट्यावरची नजर हलवली नाही. काटा थरथरला, घसरला, शून्यावर पडला. मी ओरडलो. जिलियनने मला मिठीच मारली.

मग मुख्य वाट उघडली. आम्ही धापा टाकत चढावर पोचलो, तेव्हा सासूच्या नळातून आधी खोकला आला, मग गंज, मग जाड, पांढरी, उद्धट धार. आख्ख्या ओळीतल्या खिडक्या उघडल्या. कुणी भांडी बडवत होतं.

म्हातारीने लाल बादली दारात पालथी घातली आणि तिच्यावर राणीसारखी बसली.

"तर जावईबापू," ती म्हणाली, "उलटे कोण?"

"मी," वॉल्टर म्हणाला, आणि ओंजळ धारेखाली धरून घटाघटा प्यायला.