विनोदिनीने गुंडाळलेली कॉइल

डिचोलीच्या बाजारातले मोटार वाइंडिंगचे दुकान एक बाई चालवते हे कळले की नवे गिऱ्हाईक आधी आपल्या मोटारीकडे बघे, मग तिच्याकडे. विनोदिनीचे वडील पाळीच्या खाणीवर वाइंडर होते, जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार गुंडाळणारे. त्यांच्याच हाताखाली ती शिकली आणि ते गेल्यावर दुकान तिने उघडे ठेवले. वाइंडरवर तांबे चोरल्याचा आळ सहज येतो, म्हणून जळकी तार ती गिऱ्हाइकासमोर तराजूत घालून परत करी. लोक तरीही संशय घेत. हळूहळू तीही लोकांवर घेऊ लागली.

१९९९ साली महेश नावाचा एक कामगार तिच्याकडे बास गिटार घेऊन आला. तो मूळचा गडहिंग्लजचा, इथल्या कारखान्यात नोकरीला. सुटीच्या दिवशी हरमलला एका खोलीत त्याचे मित्र हेवी मेटल संगीत रेकॉर्ड करत. गिटारच्या तारांखाली त्यांचा आवाज पकडणारे दोन काळे पिकअप होते. आत लोहचुंबक आणि त्यांभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. मागचा पिकअप मुका झाला होता.

"रिलेच्या कॉइली गुंडाळल्यात, ही कधी नाही," विनोदिनी म्हणाली. "मागून माझ्या नावानं ओरडू नका."

"न्हाई ओरडत, ताई."

जुनी तार तिने ब्लेडने कापून काढली आणि पुडीत बांधून महेशला दिली. दोन दिवस खपून नवी गुंडाळली. मागचा पिकअप वाजवून बघितला, तर चांगला वाजला.

आठव्या दिवशी महेश परत आला, सोबत हरमलच्या त्या खोलीचा मालक गौरेश. रेकॉर्डिंग तोच करी.

"विनोदिनीबाय, मूळची कॉइल खंय गेली?" त्याने विचारले.

"पुडीत दिली."

"ती तार खंयच्याय मोटारीची असू शकता. दोन्ही पिकअपांची बटणां उघडली की आवाज पातळ जाता, पत्र्याचा डबा वाजवल्यासारको."

विनोदिनीने गिटार उलटी केली. मागच्या झाकणाच्या स्क्रूवर ताजे ओरखडे होते.

"हे कोणी उघडलं?"

"बघूक उघडलं. हात लावला नाय."

तिचा विश्वास बसला नाही. यानेच आत काहीतरी बदलले असणार. आपल्या नजरेआड गिटार पुन्हा त्यांच्या हाती द्यायची नाही असे ठरवून तिने दुकानाला कुलूप लावले आणि हत्यारांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर हरमलला गेली.

खोलीत तिने महेशला गिटारवरची बटणे एकेक फिरवायला लावली. नुसता पुढचा पिकअप दणदणीत वाजला. नुसता मागचाही. दोन्ही पूर्ण उघडताच तळाच्या सुरांचा सगळा जोर नाहीसा झाला.

"बघितलंत?" गौरेश म्हणाला.

मग पडलेले स्क्रू उचलायचा छोटा लोहचुंबक तिने पिशवीतून काढला. पुढच्या पिकअपवर धरला तर तो ओढला गेला. त्याच बाजूने मागच्यावर धरला तर ढकलला गेला. गिटार बनवणाऱ्यांनी दोन्हींचे लोहचुंबक मुद्दाम उलटसुलट बसवले होते. म्हणजे वेढेही एकमेकांच्या उलट हवेत. तिने मात्र हाताला सवय होती तसेच घातले होते. जुने वेढे कुठल्या दिशेने होते ते पाहिलेच नव्हते. त्यामुळे दोन आवाज एकमेकांना खात होते.

दोष गौरेशच्या माथी मारता आला असता. झाकण त्याने उघडलेच होते.

"चूक माझी," ती म्हणाली. "उलटं गुंडाळलंय. पण कॉइल परत काढायला नको, तिच्या दोन वायरी एकमेकींच्या जागी जोडल्या की होईल."

सोल्डरचे डाग द्यायला पाच मिनिटे लागली. महेशने दोन्ही बटणे पूर्ण उघडून जाड तार छेडली. खिडकीची काच थरथरली. महेश हसला. गौरेशने मान डोलावली, पण ती निघताना विचारलेच, "तरी पुडीतली तार मूळचीच होती कशावरून?"

"कशावरूनच नाही," विनोदिनी म्हणाली.

त्यानंतर गौरेशने म्हापशाच्या आणि पेडण्याच्या मुलांच्या पाच-सहा गिटारी तिच्याकडे धाडल्या. प्रत्येकीच्या आत त्याने केलेली पेन्सिलीची बारीक खूण असे, चांगली कॉइल परस्पर बदलली तर कळावे म्हणून. तिने त्या खुणा कधी पुसल्या नाहीत. मात्र जुने वेढे कुठल्या दिशेने आहेत ते आधी कागदावर लिहून ती त्यावर गिटार आणणाऱ्याची सही घेऊ लागली.